थर्टी-फॉर्टीचे स्थूलमान

बेंगळुरूतल्या ‘थर्टी-फॉर्टी’ साइटचे क्षेत्रफळ 1200 चौरस फूट असते, असे पाढे सांगतात. खरेदीखत, करपावती, ई-खाते (महापालिकेच्या मालमत्ता-नोंदीचे डिजिटल रूप) आणि प्रत्यक्ष जमीन यांचे पाढ्यांशी फारसे जमत नाही.

बिनसायला खरेदीखतापासूनच सुरुवात होते. कोपऱ्यावरची ‘ऑड’ साइट क्वचितच काटकोनात असते. मग समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. बाजू 30 व 34, 40 व 44 असल्या, की दस्तात 32 गुणिले 42, म्हणजे 1344 चौरस फूट उमटतात. ही रीत खानदानी आहे. इजिप्तमधल्या एडफूच्या देवळाच्या दानजमिनी याच हिशोबाने मांडलेल्या आहेत. इ.स. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने ती दिली, पण ‘स्थूल’ म्हणून. सूक्ष्म क्षेत्रफळाची रीतही त्याने तिथेच सांगितली. दस्तलेखक तिथवर वाचत नसावेत. आयत सोडला तर स्थूल आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठाच निघतो. विकणाऱ्यांची याबद्दल तक्रार नाही.

हीच मालमत्ता करपावतीत अंग चोरते. 2000 साली शहरात स्वयंमूल्यांकन आले. 2008 पासून विभागवार दराने बांधकामाचे क्षेत्रफळ गुणून कर निघू लागला. टेप मालकाचा, आकडा मालकाचा, सहीही मालकाचीच. कमी दाखवल्याचे उघडकीस आले तर फरकाच्या दुप्पट दंड आणि महिना 2 टक्के व्याज, अशी तरतूद होती. मात्र उघडकीस आणायला कुणालातरी जिना चढून गच्चीवरची खोली पाहावी लागते.

2024च्या सप्टेंबरअखेरीपासून ई-खात्याशिवाय खरेदी-विक्रीची नोंदणी बंद झाली आणि जुन्या वह्यांतल्या नोंदी लाखोंनी पडद्यावर आल्या. जमीन मोजायला कुणी गेले नव्हते. कागदाने कागद तपासला. वहीतली चूक आता क्यूआर कोडसह मिळते. त्यात एककांचे आपले राजकारण: 1200 चौरस फूट म्हणजे 111.48 चौरस मीटर. दशांश गाळून पुन्हा फुटांत आणले, तर 1194.8. मालकाच्या पाच चौरस फुटांवर अतिक्रमण झाले आणि अतिक्रमण करणारा सापडत नाही.

दुरुस्तीला अर्ज करता येतो. सोबत दस्त हवा. दस्तच चुकला असेल तर चूकदुरुस्तीचा दस्त, आणि त्यावर विकणाऱ्याचीही सही. जमिनीचे भाव तिप्पट झाल्यावर त्याला सहीसाठी शोधणे हा स्वतंत्र छंद आहे. दरम्यान सप्टेंबर 2025 मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या, त्यामुळे अर्ज आधी कोणाच्या हद्दीत बसतो ते मोजावे लागते.

शिवाय खाते हे करवसुलीपुरते. मालकीचा तो पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. वाद तिथे गेलाच, तर क्षेत्रफळ आणि चतुःसीमा यांच्या भांडणात सहसा चतुःसीमा जिंकते. चतुःसीमेत लिहिलेले असते: पूर्वेस शेजाऱ्याची साइट. शेजाऱ्याच्या दस्तात लिहिलेले असते: पश्चिमेस यांची.