एसटी येऊन रायली

2022 च्या जानेवारीत अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या काळी-पिवळीत मी मागच्या बाकावर चौथा म्हणून कोंबला गेलो होतो. एसटीचा संप चालू होता. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला.

"काका, ब्लू पिल मिळाली का?"

"अकोल्यात कुठंच नाही रे," मी इंजिनच्या आवाजावर आवाज काढून ओरडलो, "आता अमरावतीत विचारतो."

शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. बोरगाव मंजूपर्यंत ते गप्प होते. मग कानाशी येऊन म्हणाले, "आमच्या मूर्तिजापुरात एक वैद्य हायेत भाऊ. गोळ्या-बिळ्या कायले खाता?"

आता ब्लू पिल म्हणजे बोटभर लांबीचा निळा बोर्ड असतो आणि त्याच्या मधोमध एसटी कंपनीची एसटीएम32एफ103 नावाची नखाएवढी चिप असते, हे मूर्तिजापूर येईपर्यंत कोणाला समजावणार? पुतण्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ई-सायकलची मोटर फिरवायची होती. ब्रशलेस मोटरसाठी सहा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लागतात आणि त्या सहांना नेमक्या वेळी उघडझाप करायला लावणारा टायमर या चिपमध्ये आयता मिळतो. म्हणून मोटरवाल्या पोरांचा हिच्यावर भारी जीव. एरवी दोनेकशे रुपयांत मिळणारी ही बया त्या वर्षी पाच-सहाशे मोजूनही दर्शन देत नव्हती.

"भाऊंकडे जा," असं मला अमरावतीत तिघांनी सांगितलं. कोणते भाऊ, ते एकानेही सांगितलं नाही. सांगायची गरज नसते. मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे, पुण्याला पासोड्या विठोबाचा परिसर आहे, आणि वऱ्हाडात प्रत्येक गावाला एक भाऊ आहे. पाटीवर रेडिओ-टीव्ही दुरुस्ती असं लिहिलेलं असतं आणि त्यातला रेडिओ अर्धा पुसलेला असतो. आत शिरलं की सोल्डरचा वास, पेढ्यांचे रिकामे डबे आणि डब्यांत काळ्या फोमवर पाय रोवून बसलेल्या चिपा. भाऊ सगळ्यांना भाऊ म्हणतात, सगळे भाऊंना भाऊ म्हणतात, त्यामुळे दुकानात चार माणसं असली की नेमकं कोण कोणाशी बोलतंय याचा पत्ता लागत नाही.

"एसटी आहे का भाऊ?" मी विचारलं.

"येऊन रायली."

हा भाऊंचा सर्वकाळ चालणारा शब्द. 'नाही' हा शब्द त्यांच्या दुकानात स्टॉकमध्येच नाही. माल संपला तरी तो येऊनच रायलेला असतो. फक्त कुठपर्यंत आला ते विचारायचं नाही. विचारलं, की गिऱ्हाइकाला स्टूल मिळतं आणि जगाची बातमी ऐकावी लागते.

"एसटीचा संप तुमाले इकडचाच दिसते," भाऊ म्हणाले. "तिकडं फ्रान्समंदी चिपवाल्या एसटीचा संप झाला, नोव्हेंबर 2020 ले. पगारासाठीच. एसटी म्हनली का संप आलाच. मंग टेक्सासात बर्फ पडला, कारखाने बंद. मंग 19 मार्च 2021 ले नाक्यावर आग लागली."

"कोणत्या नाक्यावर?"

"जपानातल्या."

नाका हे जपानातल्या रेनेसास कंपनीच्या चिप-कारखान्याचं नाव. तिथल्या आगीची हळहळ भाऊंच्या आवाजात अशी होती, की पुढच्या गल्लीतलंच घर जळालं असावं. खरं दुखणं त्याआधीचं. 2020 च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या. कारखान्यांनी ती जागा लॅपटॉप-फोनवाल्यांना दिली. मोटारवाले परत आले तेव्हा रांगेत शेवटी उभे. सप्टेंबर 2021 मध्ये आपलं उत्पादन नेहमीच्या 40 टक्क्यांवर येईल असं मारुतीने जाहीर केलं, त्या बातमीचं कात्रण भाऊंनी काचेखाली ठेवलं आहे. जास्त घासाघीस करणाऱ्याला ते नुसतं बोट दाखवतात. जिथं मारुतीला भेटत नाही, तिथं तू कोण बे?

मी मात्र शहाणपणा केला. दुसऱ्या एका दुकानातून, नाव नको, एक ब्लू पिल उचलून भाऊंना दाखवायला आणली. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, घरातून मागवलेली नेलपॉलिश पुसायची बाटली उघडली, कापसाचा बोळा चिपवर दोनदा फिरवला. एसटीची अक्षरं कापसावर आली.

"सूनबाईचं नखपॉलिश याच्यापेक्षा पक्कं असते," एवढंच ते म्हणाले.

खात्री म्हणून त्यांनी ती प्रोग्रॅमरला जोडली. अस्सल चिपचा ओळख क्रमांक 0एक्स1ने सुरू होतो. ही 0एक्स2 सांगत होती. "चिनी बनावटीचं मला वावडं नाही," असं भाऊंचं तत्त्वज्ञान. मूळ वऱ्हाडीत ते असं आहे: "जीडी32 येते, आपल्या नावानं येते, इमानदारीनं काम करते. तिले मी खुर्ची देतो. पन हे लेकाचे एसटीची पाटी लावून येतात. पाटी लावल्यानं काळी-पिवळी एसटी होते का?"

मोटरचं शास्त्रही भाऊंनीच पोराला शिकवलं. जोडीतला वरचा आणि खालचा मॉस्फेट एकाच वेळी चालू राहिला, की बॅटरी सरळ शॉर्ट होते आणि धूर निघतो. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी किंचित थांबायचं असतं, त्याला डेड टाइम म्हणतात. पुतण्याच्या डोक्यात हे एक सेमिस्टर शिरलं नव्हतं. भाऊंनी सांगितलं: "वाटनीचे दोघं भाऊ एकाच वेळी वावरात सोडू नको. एक घरी पोचला का मंग दुसऱ्याले पाठव." पोराने त्या रात्री एकही मॉस्फेट जाळला नाही. आमच्या घराण्यात वाटणीचा विषय सगळ्यांना लवकर समजतो.

शेवटी भाऊंनी सगळ्यात खालचा डबा काढला. त्यात एक अस्सल ब्लू पिल होती, एक कोपरा करपलेली. सोबत वही. हा बोर्ड भाऊ विकत नाहीत, उसना देतात, जशी लग्नाची पातेली. 2018 पासून चार बॅचेस त्याने पास करून दिल्या होत्या: लाईन पकडून चालणारा रोबो, फवारणीचा पंप, पुन्हा फवारणीचा पंप, आणि टाळेबंदीत नुसताच व्हिडिओ कॉलवर दाखवलेला फवारणीचा पंप. चार बॅचेस इंजिनियर झाल्या, बोर्ड बिचारा अजून बिनडिग्रीचा. पुतण्याने वहीत सही केली. अनामत म्हणून भाऊंनी त्याचा कॅल्क्युलेटर ठेवून घेतला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्किटवर वाकून पाहिलं आणि करपलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा मी आधी पाहिला आहे." पुतण्याचा घसा कोरडा पडला. "फवारणीच्या पंपात होता. तेव्हा फिरला नव्हता." या वेळी चाक फिरलं. परीक्षकांनी मार्क कोणाला दिले, पोराला की बोर्डाला, हे आम्ही खोदून विचारलं नाही.

जूनमध्ये मी बोर्ड परत द्यायला गेलो. एप्रिलमध्ये संप मिटला होता, त्यामुळे एसटीनेच गेलो. नुकताच अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत डांबरून गिनीजमध्ये नोंद झाली होती. भाऊ पेपर वाचत होते.

"पाहा," ते म्हणाले, "रस्ता 105 तासात. आन चिपवाले म्हनते 52 हप्ते थांबा. हे काम त्या डांबरवाल्याइले द्याले पायजे होतं."

त्यांनी बोर्ड उलटसुलट पाहिला, पिना मोजल्या, कॅल्क्युलेटर परत केला. तोवर दारात पुढच्या बॅचचा एक पोरगा उभा होता.

"भाऊ, एसटी आहे?"

"येऊन रायली," म्हणत भाऊंनी बोर्ड डब्यात टाकला आणि झाकण लावलं. इतक्या सहज तो कोणालाच मिळत नाही.

तुमच्या कपाटावर एखादा पास झालेला प्रोजेक्ट धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी आपल्या गावच्या भाऊंकडे पोचवा. आणि काढताना स्क्रू-ड्रायव्हर खुपसून चिपचे पाय तेवढे वाकवू नका.