इंजिन काढायला माणसं किती?

पिकअपचं इंजिन आणि गिअर बॉक्स काढायला पाने किती लागतात, हे कुठलाही मिस्तरी सांगेल. माणसं किती लागतात, हे मात्र इस्लापूरला येऊनच बघावं. हात लावणारे दोघंच असतात, मिस्तरी आणि त्यांचा पोऱ्या. बाकीचे काम कसं चुकतंय हे सांगायला आलेले असतात. त्यांना बोलवावं लागत नाही. बॉनेट काढून भिंतीला टेकवलं की गावाला आवतण गेलंच म्हणून समजा.

आमची पिकअप महिंद्राची, एमएच 26 पासिंगची. तिच्या हौद्यातून कापूस गेला, सोयाबीन गेलं, शेळ्या गेल्या, आणि पैनगंगेला पूर आला की सहस्रकुंडचा धबधबा बघायला निघालेली पाव्हणेमंडळीही गेली. कागदावर ती मालवाहू होती. पाव्हण्यांना आम्ही तसं कधी बोलून दाखवलं नाही. पुढे पुढे पत्रा इतका कुजला, की ड्रायव्हरच्या पायाखाली रस्ता दिसू लागला. चेसीला तडा गेला. दरवर्षीच्या पासिंगला तिला चारचौघांत उभं करायची लाज वाटायला लागली. इंजिन मात्र भर डिसेंबरातही पहिल्या सेल्फला उठायचं. तिकडे हिमायतनगरला माझ्या साडूंची याच जातीची पिकअप, अंगानं धडधाकट, पण इंजिन जाम होऊन बसलेलं. हिशोब सरळ होता, आमचं इंजिन त्यांच्या गाडीत घालायचं. साडूसाडूंत इतका सरळ हिशोब क्वचितच निघतो, म्हणून दोन्ही घरच्या बायकांनी बराच वेळ त्यावर विश्वासच ठेवला नाही.

हे इंजिन इतकं चिवट कसं, त्याचं उत्तर त्याच्या कुळात आहे. 2523 सीसी, चार सिलिंडर. सिलिंडरचा व्यास 88.9 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 101.6 मिलिमीटर. असले अडनिडे आकडे कुणी शहाणा माणूस ठरवून काढणार नाही. पण इंचात मांडले की ते साडेतीन आणि चार होतात. महिंद्रांनी 1963 साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला. त्या ट्रॅक्टरांच्या इंजिनाचा वंश पुढे जीप आणि पिकअपमध्ये उतरला. म्हणजे आमची गाडी भोकरच्या रस्त्यानं धावत होती खरी, पण मनानं ती नांगरटीतच होती. मला हे पुस्तकातून कळलं. तिच्यात बसणाऱ्यांना ते कमरेतून आधीच कळलेलं होतं.

मिस्तरींना पुस्तकाची गरज नाही. त्यांनी एका बोल्टावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मालक, हा तेराचा नाही. चार सुती आहे." इंचाचे सूत आठ, म्हणजे चार सुती अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. तेराचा पाना त्याच्यावर बसल्यासारखा वाटतो, आणि तिथंच घात होतो. जोर लावला की घसरतो, बोल्टाचे कोपरे जातात, आणि मग पान्याचं काम छिन्नीकडे जातं. पोऱ्याच्या हातात तेव्हा तेराचाच पाना होता. त्यानं तो न बोलता पाठीमागं लपवला.

आधी बॅटरीच्या तारा सोडल्या. मग रेडिएटर रिकामा केला. त्यातून पाणी कमी आणि आमच्या बोअरचा क्षारच जास्त निघाला. मग चेंबरखाली घमेलं लावून ऑइल सोडलं. जळकं ऑइल अजून घमेल्यात पडतंय तोच त्याचे वारसदार हजर. एकाला गोठ्याच्या लाकडांची वाळवी मारायची होती, दुसऱ्याला सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायचं होतं, तिसऱ्याला काहीच करायचं नव्हतं, फक्त ते त्या दोघांना जाऊ नये एवढंच होतं. पोऱ्यानं वायरिंग सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढले. मिस्तरींनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं मोबाइल खिशात घातला आणि मिस्तरी वळल्यावर उरलेले फोटो काढले.

मग खरा वाद पेटला. गिअर बॉक्स इंजिनाला जोडूनच काढायचा, की आधी सोडवून? इथं दोन पंथ आहेत आणि दोन्ही कडवे. सोडवून काढणारे म्हणतात, वजन निम्मं होतं, इंजिन सरळ वर येतं. जोडून काढणारे म्हणतात, गिअर बॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून थेट फ्लायव्हीलच्या पोटात गेलेला असतो. तो दोरीत सरळ मागं ओढावा लागतो. त्यावर वाकडं वजन पडलं की प्लेट गेली. निवृत्त गुरुजी पहिल्या पंथाचे. त्यांच्याकडे आयुष्यात सायकल सोडून दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळं त्यांची मतं अनुभवानं मळलेली नव्हती. जिनिंगमध्ये फिटर असलेला आमचा चुलतभाऊ दुसऱ्या पंथाचा. चहा आला, गेला. शेवटी मिस्तरींनी गाडीखालून डोकं काढून विचारलं, "सोडवूनच काढू, हौ. पण खाली झोपून बॉक्स छातीवर कोण झेलणार तेवढं सांगा." जोडून काढायचं एकमतानं ठरलं. गुरुजींनी अनुमोदन दिलं.

प्रोपेलर शाफ्ट निघाला, क्लचची तार निघाली, पुढचा शो आणि रेडिएटर निघाला. अडलं ते सायलेन्सरच्या तोंडाशी. मॅनिफोल्डला धरणारे तीन बोल्ट इतकी वर्षं तापून आणि निवून गंजाच्या एका गोळ्यात विरघळले होते. नट कुठं संपतो आणि बोल्ट कुठं सुरू होतो, हे नखानं चाचपूनही कळेना. दोन डिझेल पिऊन बधले. तिसरा ऐकंना. रात्रभर भिजवला, तरी ऐकंना. आमच्या किनवट तालुक्याला भाषांची ददात नाही. मराठी आहे, तेलुगू आहे, तांड्यावरची गोरमाटी आहे, गोंडी आहे, आणि निजामानं मागं ठेवलेली दखनी आहे. त्या बोल्टाला या सगळ्या भाषांत त्याच्या आईबापाची चौकशी करून झाली. मग मिस्तरींनी पान्याला हातभर लोखंडी पाइप घातला आणि अंगाचा भार दिला. 'कट्' असा आवाज आला.

हा आवाज फार फसवा. सुटलेला बोल्टही असाच वाजतो आणि तुटलेलाही. अख्खी गर्दी पहिल्यांदाच गप्प झाली. मिस्तरींनी पाना काढून बोटानं नट फिरवला. फिरला. आटेसुद्धा शाबूत होते. "मी म्हणलोच होतो," असं एकाच वेळी निदान चार जण म्हणाले.

उचलायचं कसं? कडुलिंबाच्या फांदीला चेन कप्पी बांधू, असं पूर्वापार मत होतं. पण जोडून काढायचं म्हणजे अडीच क्विंटलच्या वरचा ऐवज, आणि फांदी आजोबांच्या काळातली. मग बोअरची मोटार ओढणाऱ्यांची लोखंडी तिपाई मागवली. मला विचाराल तर मराठवाड्यात तिपाई हे बैलजोडीच्या खालोखाल महत्त्वाचं अवजार आहे. पाणी खाली जातं, मोटार जळते, आणि तिपाई बिचारी घरोघर फिरत राहते. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच पाण्याशी संबंध नसलेलं काम मिळालं.

चेन कप्पीची गंमत अशी, की एक पोरगं एका हातानं तीन क्विंटल उचलतं, पण घाई कुणालाच करू देत नाही. इंजिन वीतभर वर यायला साखळी दहा-पंधरा हात ओढावी लागते, आणि सोडून दिली तरी वजन आहे तिथंच लटकून राहतं. फाउंडेशनचे बोल्ट निघालेलेच होते. खळखळ खळखळ करत साखळी आली आणि इंजिन जागचं हललं. मागचं टोक खाली, तोंड वर, कारण एवढी लांब जोडगोळी तिरपी केल्याशिवाय बाहेर येत नाही. पुढचं ओझं गेल्यावर पिकअपचे पाटे सैलावले आणि तिचं नाक चार बोटं वर आलं. आयुष्यभर मान खाली घालून चाललेली गाडी रिकामी झाल्यावर ताठ झाली. म्हातारी माणसं ते बघून एकमेकांकडे सूचकपणे बघत होती, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

इथवरचं काम सोपं म्हणायचं. अवघड इंजिन निघालं ते आरसी बुकातून. गाडीच्या वहीत चेसी नंबर असतो, तसा इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की गाडीत असा बदल केला तर तो वहीवर चढलाच पाहिजे. कलम 55 सांगतं, की गाडी कायमची निकामी झाली तर तिची नोंदणी रद्द करून घ्यावी. कायदा बरोबरच आहे, नाहीतर चोरीची इंजिनं गावोगाव फिरली असती. पण काही काळ असा गेला, की लोखंडाचं इंजिन हिमायतनगरला कापूस वाहत होतं आणि कागदाचं इंजिन इस्लापूरला आमच्या कपाटात होतं. साडूंचा फोन आला की ते नेहमी दुसऱ्याचीच विचारपूस करायचे. आता दोन्ही वह्या सरळ झाल्या आहेत.

राहता राहिला गिअर बॉक्स. साडूंचा त्यांच्याकडे चांगला होता, म्हणून आमचा खाली उतरवून वेगळा केला आणि ओसरीत पोत्यावर ठेवला. आमची सौभाग्यवती रोज त्याला वळसा घालून झाडते आणि रोज तेच बोलते. तेव्हा नांदेड-लातूरकडे कुणाला हवा असेल तर जरूर या. पहिले चार गिअर खणखणीत आहेत. पाचवा चढावर निसटतो, पण आपल्या रस्त्यांवर पाचवा लागतो कुणाला? भाव बसून ठरवू. उचलायला माणसं आणायची गरज नाही, ती इथं तयार आहेत.