सत्त्वशील बाबा

सकाळी साडेसहाला सोसायटीत मिक्सर घुरघुरला, की समजावं, तिसऱ्या मजल्यावर मोड आलेली नाचणी दळायला पडली. पूर्वी या वेळेला मिक्सर लावणारी एखादी बाई असायची आणि खालच्या मजल्यावरचे काका तिच्या नावाने खडे फोडायचे. आता मिक्सरमागे चांगला सहा फुटी गृहस्थ उभा असतो आणि काकांची पंचाईत होते. पुरुषमाणूस पोरासाठी रांधतोय म्हटल्यावर त्याला बोलणार तरी काय? मग झोपमोड गिळून ते म्हणतात, "वा, वा, हल्लीची मुलं किती करतात हो!" त्याच घरातली सून लग्न झाल्यापासून पहाटे उठून डबे करते आहे. तिला काकांनी अजून एकदाही 'वा' म्हटलेलं नाही.

तर हा गृहस्थ म्हणजे सत्त्वशील बाबा. बाणेर, वाकड, खराडी, तिकडे ठाण्याचा घोडबंदर रस्ता, या पट्ट्यात तो मुबलक सापडतो. वय तेहतीस-चौतीस, नोकरी संगणकाची, आठवड्यातले तीन दिवस काम घरून, खांद्यावर मलमलचं फडकं. लग्नाआधी त्याची मजल मॅगीपर्यंत होती. तूरडाळ आणि हरभराडाळ शेजारी ठेवून ओळखायला सांगितली असती तर त्याने फोन करून आईला विचारलं असतं. आज तो मुगाच्या सालीवर वीस मिनिटं बोलू शकतो. आणि बोलतो.

हा चमत्कार आभाळातून पडलेला नाही, त्यामागे सरळ हिशोब आहे. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईची बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं अन्न. म्हणजे आईचं ऑफिस आणि बाळाची पेज साधारण एकाच सुमारास सुरू होतात. त्या मुहूर्तावर घरी लॅपटॉप मांडून कोण बसलेलं असतं? त्याला स्वतःला मिळालेली चार दिवसांची रजा कधीच संपलेली असते, त्यातला निम्मा वेळ जन्मदाखल्याच्या रांगेत गेलेला. वरच्या अन्नाची जबाबदारी त्याच्यावर अशी येऊन पडते, आणि अंगावर पडलेल्या कामाचा प्रकल्प करणं हे तर त्याच्या नोकरीतच शिकवलेलं.

आमच्या वडिलांच्या पिढीचं स्वयंपाकघराशी नातं सणावारी. गुढीपाडव्याला पुरणयंत्राचा दांडा फिरवून श्रीखंडाचा चक्का काढायचा, मे महिन्यात हापूसची आढी उलटीपालटी करायची, भाजीबाजारात वांगी दाबून पाहायची. एखाद्या रविवारी हुक्की आली तर मटण. त्यात घरातली सगळी पातेली बाहेर निघत आणि आई ती दुपारभर घासत बसे. पण बाळाच्या तोंडात काय जातं, ही बाब त्यांच्या खात्यातच नव्हती. मूल रडलं की "अगं, बघ गं, भूक लागली वाटतं," एवढं निदान करून ते पुन्हा पेपरात डोकं घालत.

सत्त्वशील बाबाच्या घरात निदान नसतं, नोंद असते. फोनमध्ये तक्ता, तक्त्यात तारीख, पदार्थ, किती चमचे आत गेले, किती बाहेर आले. ओट्यावर डिजिटल वजनकाटा. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळात त्याच्या आसपासही नाही, हे तो जिन्यात भेटणाऱ्या कुणालाही सांगतो. त्याच्या आईने सुनेच्या ओटीत घालावं तशा मायेने घरी केलेलं नाचणीचं सत्त्व आणलं होतं: रात्रभर भिजवलेलं, वाटलेलं, फडक्यातून गाळलेलं, निवळी काढून सावलीत वाळवलेलं, वस्त्रगाळ. याने डबा उघडून विचारलं, "आई, गाळून उरलेला चोथा काय केलास?"

"टाकला. का रे?"

"कॅल्शियम त्यातच होतं."

माउली दोन दिवस बोलली नाही. चूक तिची नव्हती आणि त्याची तर नव्हतीच. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम खरोखर सालीतच असतं. पण बरोबर असणं आणि सुसह्य असणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि या माणसाची दुसऱ्या खात्यात किमान शिल्लकही नसते.

उष्टावणाचा दिवस तर विसरण्यासारखा नव्हता. पाट, रांगोळी, चांदीची वाटी, मामा सांगलीहून आलेला, आजीने केलेली शेवयांची खीर. मामा सोन्याची अंगठी खिरीत बुडवून भाच्याच्या ओठाला लावणार, एवढ्यात बाबा मध्ये आला.

"साखर आहे का त्यात?"

"खिरीत साखर नसते तर काय फिनेल असतं?" मामा म्हणाला.

"वर्षाच्या आत साखर नाही, मीठ नाही. मध तर अजिबात नाही. मधातून बोट्युलिझम होऊ शकतो."

हा शब्द त्या पाटाभोवती कुणी ऐकलेला नव्हता. आत्याबाईंना वाटलं, नव्या सुनेच्या माहेरकडलं काही असेल. गुटी मधात उगाळून द्यायला सहाण बरोबर घेऊन आलेल्या पणजीने ती गुपचूप पिशवीत परत घातली. शेवटी वाटाघाटी झाल्या. आजीने बिनसाखरेची, नुसत्या खारकेच्या पुडीची वेगळी खीर शिजवायला घेतली, मुहूर्त टळला, गुरुजींनी "बालकाच्या कल्याणार्थ चालेल" असा तोडगा काढला आणि मामाने ती बेचव अंगठी ओठाला टेकवली. बाळाने तोंड वाकडं केलं. मूळची खीर सगळ्यांनी दोनदोनदा घेतली; बाबानेही घेतली, पण पाठ फिरवून.

मधाबद्दल मात्र त्याचं शंभर टक्के खरं आहे आणि हे ठासून सांगायला हवं, कारण आमच्याकडे 'आम्हाला दिला होता, आम्ही मेलो का' हाच पुरावा धरतात. मिठासाखरेचंही तसंच. भानगड एवढीच, की बाळासाठी वेगळं शिजवायला वेळ नसतो, म्हणून वर्ष भरेपर्यंत सगळं घरच अळणी जेवतं.

त्यात आजोबा दीक्षितांचं डाएट करतात. डॉक्टर जगन्नाथ दीक्षित सांगतात तसं दिवसातून दोनदाच जेवायचं, दर वेळी ५५ मिनिटांत. म्हणजे एका टेबलावर एक म्हातारा घड्याळ लावून दोनदा जेवतो, एक बाळ दोन-दोन तासांनी खातं, आणि दोघांच्या मध्ये स्वयंपाकाच्या मावशी चक्रावून उभ्या. "दादा, नक्की कोणासाठी काय टाकू?" असं त्या विचारतात तेव्हा दादा त्यांना तक्ता दाखवतो. मावशींना तो वाचता येतो, कळत नाही.

प्रत्यक्ष भरवणं जवळून पाहावं. उंच खुर्चीत पिल्लू, खाली पसरलेला जुना टॉवेल, समोर बाबा गुडघ्यावर. कानात ऑफिसची मीटिंग, माइक बंद. आज मूगडाळीचं खिमट, त्यात उकडलेला भोपळा, वर चमचाभर तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबाने डाळीतलं लोह अंगी लागतं, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांच्या आतली ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, हे त्याने बायकोला रात्री दहाला, ती डोळे मिटत असताना, सांगितलेलं असतं. पहिला चमचा आत. दुसरा आत. तिसऱ्याला पिल्लू ओठ घट्ट मिटून बाबाच्या डोळ्यांत बघतं. बाबा विमान उडवत नाही, ते जुन्या आयांचं. त्याने वाचलंय की मुलाला जबरदस्ती करायची नाही, भुकेचे इशारे ओळखायचे. तो वाट बघतो. पिल्लू वाटीत हात घालतं, मूठभर खिमट उचलतं आणि बाबाच्या कपाळाला शांतपणे फासतं. नेमक्या त्या क्षणी कानातून हाक येते, "तुझा अपडेट?" तो माइक चालू करतो आणि भोपळा गालावरून ओघळत असताना तिमाहीचे आकडे सांगतो. हे दृश्य पाहिल्यापासून मी या माणसाची टवाळी करताना हात थोडा आखडता घेतो.

सुपरमार्केटात तो आपल्या पुढे असेल तर दुसऱ्या रांगेत जावं. बिस्किटाचा पुडा उलटा करून, फोनची बॅटरी लावून तो मुंगीच्या अक्षरातले घटक वाचतो. ज्याचं वजन जास्त तो घटक आधी छापायचा असा नियम आहे. त्यामुळे 'पौष्टिक' म्हणून घेतलेल्या पुड्यावर मैद्यानंतर लगेच साखर भेटली की तो विजयाने मागे वळून आपल्याला दाखवतो. आपल्या टोपलीत तोच पुडा असतो.

लहान मुलांच्या डॉक्टरांकडेही तो एकटाच जातो, वही घेऊन. वजनाचं पर्सेंटाइल चाळिसाचं सदतीस झालं तर त्याचा चेहरा बारावीची सीईटी हुकल्यासारखा. डॉक्टर वहीकडे बघत नाहीत, खाली फरशीवर बघतात. तिथे पिल्लू त्यांच्या चपलेचा पट्टा चघळत असतं. "खेळतंय ना? मग झालं," डॉक्टर म्हणतात. एवढ्या फीमध्ये एवढंच?

आता त्याच्या बायकोची बाजू, जी ती सहसा बोलत नाही. नवरा बाळाचं बघतो याचं तिला खरंच कौतुक आहे आणि तिच्या मैत्रिणींना हेवा. पण बाबाने वाटीभर खिमट केलं की मागे उरतं ते असं: मिक्सरची तिन्ही भांडी, दोन गाळणी, किसणी, कुकरची शिट्टी कुठेतरी, आणि ओट्यावर वाळून घट्ट बसलेली नाचणी. तक्त्यात 'ओटा' असा रकाना नाही. तूप संपत आलंय, गॅस बदलायचाय, मावशी सोमवारी येणार नाहीत, हे सगळं अजून तिच्याच डोक्यात. देशभराचा हिशोब काही वेगळा नाही. सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसाचा जमाखर्च मांडला, तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि करणारे पुरुषच मुळात शंभरातले २६. हा आपला गडी त्या सव्वीसातला आहे, हे त्याच्या पदरात घालायलाच हवं. तो स्वतः ते रोज घालून घेतो, ही गोष्ट वेगळी.

पिल्लू अडीच वर्षांचं होऊन खेळगटात जायला लागलं की या माणसाचा खरा कस लागतो. पहिल्या आठवड्यात डब्यात बिटाची गुलाबी पोळी, तिला चांदणीचा आकार, शेजारी मोड आलेल्या मटकीचं कटलेट. डबा जसाच्या तसा परत. दुसऱ्या आठवड्यात राजगिऱ्याचं धिरडं, तेही परत. चौकशी करता कळतं की पिल्लू शेजारच्या मुलीच्या डब्यातली तूप-साखरेची पोळी खातं. बाबा दोन दिवस सुन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी तो काही न बोलता पोळीला तूप लावतो, वर साखर भुरभुरवतो, गुंडाळी करून डब्यात ठेवतो. तक्ता त्याच महिन्यात बंद पडतो. रांधणं मात्र बंद पडत नाही, ही त्याची कमाई. आता तो अंदाजाने मीठ घालतो, कुकरच्या शिट्ट्या न मोजता ओळखतो आणि भात लागला तर कुणाला सांगत नाही.

अशा घरी बाळ वर्षाच्या आतलं असताना जेवायला बोलावलं तर अवश्य जा. फक्त खिशात मिठाची पुडी असू द्या. आणि जेवण झाल्यावर खिमटाची तारीफ करायची घाई करू नका. ओटा पुसायला कोण उठतंय ते आधी बघा, मग कुणाला 'वा' म्हणायचं ते ठरवा.