इंटरनेट कसे बंद करावे: साहित्य, कृती आणि दक्षता

उद्देश

इंटरनेट बंदी म्हणजे एखाद्या तालुक्यातला, जिल्ह्यातला किंवा अख्ख्या राज्यातला मोबाइल डेटा, आणि हात सढळ असेल तर ब्रॉडबँडसुद्धा, सरकारी आदेशाने थांबवणे. लोक तिला ‘नेट बंद’ म्हणतात. कागदोपत्री तिचे नाव ‘दूरसंचार सेवांचे तात्पुरते निलंबन’ असे आहे. यातला ‘तात्पुरते’ हा शब्द रबराचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आसामात नोकरभरतीच्या परीक्षेसाठी तो चार तासांपुरता ताणला गेला. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेले वेगवान इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

प्रयोगवहीत उद्देशाच्या रकान्यात ‘अफवांना आळा घालणे’ एवढेच लिहावे. हा उद्देश सर्वांत सुरक्षित असतो. अफवा पसरली तर बंदी किती गरजेची होती हे सिद्ध होते. पसरली नाही तर बंदी यशस्वी ठरते. दोन्हीकडून पैकीच्या पैकी गुण.

साहित्य

१. एक कायदा. नवा नसला तरी चालतो. मुरलेल्या लोणच्यासारखा जुना कायदा अधिक चवदार लागतो. भारतात या कामी अनेक वर्षे १८८५ चा इंडियन टेलिग्राफ ॲक्ट वापरला गेला. ज्या वर्षी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याच वर्षीचा हा कायदा. त्याच्या कलम ५(२) मध्ये ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ असे दोन शब्दप्रयोग आहेत. ते तारेसाठी लिहिले होते. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, याच कायद्याखाली इंटरनेट बंद करण्याचे नियम निघाले. तार वारली, पण सातबारा तिच्याच नावावर राहिला. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आणि नोव्हेंबर २०२४ चे नियम आल्यावर फेरफार झाला. जमीन तीच आहे.

२. एक अधिकारी. केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव. ‘अपरिहार्य परिस्थितीत’ सहसचिव दर्जाचा प्राधिकृत अधिकारीही चालतो, मात्र त्याच्या आदेशावर वरिष्ठांनी २४ तासांत शिक्कामोर्तब करावे लागते. २०१७ पूर्वी इतका खटाटोप नव्हता. जिल्हाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, म्हणजे आपली ओळखीची जमावबंदी, लावत आणि काम भागे. पाच माणसांनी चौकात उभे राहू नये म्हणून केलेले कलम पाच लाख माणसांच्या मोबाइललाही लागू पडत असे.

३. एक परिस्थिती. ती ‘तणावपूर्ण पण नियंत्रणात’ असावी. नुसती तणावपूर्ण असेल तर जबाबदारी कोणाची असा प्रश्न येतो. नुसती नियंत्रणात असेल तर बंदी कशाला, असा. दोन्ही एकत्र असली की प्रश्न येत नाहीत.

४. एक आढावा समिती. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहखाते सोडून आणखी एक सचिव. एका सचिवाच्या आदेशाची तपासणी तीन सचिवांनी करायची असते. घरचेच परीक्षक असल्याने प्रश्नपत्रिका फुटण्याची भीती राहत नाही.

कृती

पहिली पायरी: मसुदा. मागच्या वेळचा आदेश संगणकावर उघडावा. तारीख बदलावी. तालुक्याचे नाव बदलावे. हे नाव आदेशात तीन ठिकाणी असते, दोनच ठिकाणी बदलून चालत नाही. ‘समाजकंटक’, ‘खबरदारीचा उपाय म्हणून’ आणि ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे तीन मसाले आधीच पडलेले असतात, त्यांना हात लावू नये. शक्यता नाकारता येत नाही हे वाक्य तर्कशास्त्रदृष्ट्या अभेद्य आहे, कारण कोणतीच शक्यता कधीच नाकारता येत नाही. आदेशात कारणे द्यावीत असे नियम सांगतो. नियमाचा मान राखून कारण द्यावे. ते मागच्याच आदेशातले असले तरी कारणच असते.

दुसरी पायरी: अंमल. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत आदेश मोबाइल कंपन्यांकडे जातो. कोणाला पक्कड घेऊन टॉवरवर चढावे लागत नाही. कंपनीतला माणूस संगणकावर त्या भागातले टॉवर निवडतो आणि डेटा थांबवतो. कॉल बहुधा चालू राहतात. टॉवरला तालुक्याची शीव कळत नसल्याने शेजारच्या तालुक्यातली चार गावेही अंधारात जातात. त्यांनी ‘रेंज गेली असेल’ असे समजून गच्चीवर, टेकाडावर किंवा पाण्याच्या टाकीवर चढून फोन वर धरावा. काही गावांत बंदी लागल्याचे दोन दिवस कळतच नाही, कारण तिथे एरवीही याहून वेगळे काही घडत नसते.

तिसरी पायरी: जाहीर करणे. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निकाल दिला की बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही आणि उपाय प्रश्नाच्या मानाने असावा. पालन सोपे आहे. आदेशाची पीडीएफ प्रत नेट बंद झाल्यावर संकेतस्थळावर चढवावी आणि व्हॉट्सॲपवर पाठवावी. ज्यांना तिची गरज आहे, ते सोडून बाकी साऱ्या महाराष्ट्राला ती वेळेत मिळते. दवंडीचा पर्याय नियमात सुचवलेला नाही.

चौथी पायरी: मुदतवाढ. नोव्हेंबर २०२० च्या दुरुस्तीनुसार एक आदेश १५ दिवसांपेक्षा अधिक चालू शकत नाही. आदेश किती काढावेत याला मर्यादा घातलेली नाही. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी बंदी लागली. मग पाच-पाच दिवसांच्या हप्त्यांनी ती वाढत राहिली. मधले काही दिवस सोडले तर मोबाइल इंटरनेट डिसेंबरपर्यंत आले नाही. हप्ते नियमित भरल्याने ‘बेमुदत’ हा शब्द कोणत्याच कागदावर उमटला नाही.

पाचवी पायरी: सोडणे. नेट एकदम सोडू नये, लांबलेल्या उपासानंतर पेज द्यावी तसे द्यावे. काश्मीरमध्ये जानेवारी २०२० मध्ये आधी १५३ मान्य संकेतस्थळांची यादी निघाली, तीही टूजी वेगावर. समाजमाध्यमे तिच्यात नव्हती. मार्चमध्ये ती आली तेव्हा कोविडही येऊन ठेपला होता, आणि अतिदक्षता विभागासाठीची मार्गदर्शक पुस्तिका उतरवून घेण्यात तास जातो, अशी तक्रार तिथले डॉक्टर करत होते. वेग वाढवावा म्हणून प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मे २०२० मध्ये विचार करण्यासाठी विशेष समिती नेमली: केंद्रीय गृहसचिव, दूरसंचार सचिव आणि तिथले मुख्य सचिव. म्हणजे दार लावणाऱ्यांनाच दार उघडावे का, असे विचारले गेले.

निरीक्षण

आठवडी बाजारात बंदीचा परिणाम पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. कोथिंबिरीच्या जुड्या रचलेल्या हातगाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा आणि शेजारी आवाज देणारा छोटा डबा असतो. गिऱ्हाईक फोन पुढे करते; पडद्यावरचे गोल चक्र फिरत राहते; डबा गप्प. ‘रोख द्या’ म्हणावे तर गिऱ्हाइकाच्या खिशात दहाची नोट नसते, कारण २०१६ पासून सरकारच त्याला रोख बाळगू नका म्हणून सांगत आले आहे. उधारीची वही पुन्हा निघते. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर म्हातारीचा अंगठा टेकवला जातो. एरवी तो झिजलेला म्हणून उमटत नाही, आज उमटला तरी पुढे जात नाही. ई-सेवा केंद्रात पीक विम्याच्या शेवटच्या तारखेची रांग असते. अर्जाची मुदत आणि बंदीची मुदत ही दोन वेगळ्या खात्यांची बाब आहे, त्यामुळे एकीच्या आदेशाने दुसरी वाढत नाही.

अफवेवरचा परिणाम मोजणे कठीण असते. फोन चालू असल्याने ती कॉलवरून जाते, तेवढ्यात न भागल्यास मोटारसायकलवरून. मूळ मजकूर कोणालाच पाहता येत नसल्याने प्रत्येक नाक्यावर तिच्यात थोडी भर पडते, आणि ती खोटी आहे हे सांगणारे जिल्हा पोलिसांचे ट्वीट मात्र नेटअभावी पोहोचत नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आक्षेपार्ह मोबाइल स्टेटसवरून वाद पेटला, बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, आणि मग इंटरनेट गेले. तोवर स्टेटस पाहायचे राहिलेला माणूस शहरात शोधावा लागला असता. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि बीडमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस हाच क्रम दिसतो: आधी जाळपोळ, मग बंदी. भारतातील बंदी आणि आंदोलने यांचा ताळा मांडणारा एक अभ्यास २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. नेट बंद असताना हिंसक आंदोलने कमी न होता वाढतात, असे त्यात आढळले. हा अभ्यास इंटरनेटवर उपलब्ध असल्याने बंदीच्या काळात वाचता येत नाही.

परीक्षांसाठीची बंदी हा प्रयोगाचा सर्वांत शुद्ध प्रकार, कारण त्यात दंगल नसते, फक्त विद्यार्थी असतात. राजस्थानात २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेला सुमारे १६ लाख उमेदवार होते. कॉपी होऊ नये म्हणून अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवले. पोलिसांना त्या दिवशी ब्लूटूथ यंत्र दडवलेल्या चपला सापडल्या. त्या कॉलवर चालणार होत्या. प्रश्नपत्रिका तर त्याआधीच जयपूरच्या शिक्षा संकुलातून, म्हणजे ती जिथे कडेकोट ठेवली होती तिथूनच, चोरीला गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द करावी लागली. नेट बंद होते त्या वेळेत इंटरनेटवरून पेपर फुटला नाही, हे खरे. तोवर फुटायला काही उरले नव्हते.

एक निरीक्षण विनोदाच्या रकान्यात बसत नाही. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी जमावाने महिलांची विवस्त्र धिंड काढली. त्याची चित्रफीत १९ जुलै रोजी बाहेर आली, दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली आणि अटका सुरू झाल्या. मधल्या अडीच महिन्यांत राज्यात मोबाइल इंटरनेट बंद होते. अफवेला आळा घालणारे झाकण खऱ्या बातमीवरही तितकेच घट्ट बसते. खालचा गुन्हा कोणाला दिसत नाही आणि करणाऱ्यांना ते ठाऊक असते.

अनुमान

अनुमान काढण्यासाठी नोंदी लागतात. बंदी किती वेळा लागली, कशासाठी, किती काळ, आणि तिने काय साधले, हे संसदेच्या स्थायी समितीने विचारले. शशी थरूर अध्यक्ष असलेल्या या समितीचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला. दूरसंचार खाते आणि गृह मंत्रालय या दोघांकडेही देशभरातल्या बंदींची एकत्र नोंद नाही, असे समितीला आढळले. जन्म-मृत्यूची, विहिरींची, भटक्या कुत्र्यांचीही गणती करणाऱ्या देशात ही एकच गोष्ट कोणी मोजत नव्हते. बाहेरच्यांना मात्र मोजावेसे वाटते. ‘ॲक्सेस नाउ’ या संस्थेने भारतात २०२३ मध्ये ११६ आणि २०२४ मध्ये ८४ बंदी मोजल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत नोंद न ठेवता तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करणाऱ्या विद्यार्थ्याला बाहेर उभे करतात. इथे औषध लागू पडले की नाही हे न पाहता तीच बाटली रुग्णापुढे धरली जाते, आणि सहीला दोन मिनिटे लागतात म्हणून ती आधी हाताशी येते. गस्त वाढवणे, चिथावणी देणाऱ्याला नावानिशी पकडणे, खुलासा वेळेत करणे, पेपरची पेटी सांभाळणे या कामांना माणसे, दिवस आणि उत्तरदायित्व लागते.

दक्षता

बंदीचे नुकसान मोजू नये. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या अखेरपासून पाच दिवस नेट बंद होते. ‘ओईसीडी’ने थेट तोटा सुमारे ९ कोटी डॉलरचा काढला. इतके करून होस्नी मुबारक ११ फेब्रुवारीला पायउतार झालेच. परीक्षेसाठी बंदी लावताना रविवारीही कोर्ट बसू शकते हे ध्यानात ठेवावे. सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंड उच्च न्यायालयाने तसे बसून राज्य सरकारला इंटरनेट चालू करायला लावले.

सर्वांत मोठी दक्षता आदेशाच्या प्रतीबाबत घ्यावी. ती कोणाच्या हाती लागली तर त्यातली तारीख, कारण आणि सही वाचली जाते, आणि वाचणारा वकिलाकडे जातो. प्रत नेमकी याचसाठी असते: २०२० च्या निकालानुसार बंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक आहे, म्हणजे ज्याचे नेट गेले त्याला त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता यावी.