पुलाची वर्गणी

मेहकरजवळच्या हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीच्या महापंगतीत पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढत नेतात. एवढा अफाट समुदाय जेवतो, पण कुणी किती पुऱ्या हाणल्या ते कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आमच्या काही सोयऱ्यांनी तोंड लपवलं असतं.

पुलाच्या पंगतीला मात्र हिशेब लागतो, आणि तिथं खाणारे फारच कमी-जास्त खातात. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात सैनिकांना ट्रकवर बसवून त्याच त्या रस्त्यावर फेऱ्या मारायला लावल्या. निघालं ते असं : चाकांच्या आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज सोळापट. लोखंडी तुळईच्या पुलाचा थकवा जरा सौम्य, साधारण आठपट. आपल्याकडे 2018 साली मालट्रकच्या एका आसाची मर्यादा 10.2 वरून 11.5 टनांवर नेली. साध्या मोटारीच्या आसावर असतात जेमतेम सहाशे किलो. मांडा गणित. पूर्ण भरलेला एक आस पुलावरून गेला, की मोटारीचा आस सात हजार वेळा गेल्यासारखं होतं!

टोलचं गणित इतकं निष्ठुर नाही. मेहकरजवळून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, तेव्हा मोटारीला किलोमीटरमागे 1.73 रुपये आणि ट्रकला 5.85. म्हणजे साडेतीनपटही नाही. टोलनाक्यावर सर्वांत मोठ्यानं भांडतो तो मात्र मोटारवाला. 2015 साली राज्यातल्या 53 नाक्यांवर लहान गाड्यांना माफी मिळाली. भांडण वाया गेलं असं म्हणता येत नाही.

मग सगळा भार ट्रकवाल्यावरच टाकावा काय? पुलाची बरीचशी ताकद तर स्वतःचंच वजन पेलण्यात जाते. शिवाय पेनगंगेचा पूर पायाखालची माती ओढून नेतो, पाऊस सळया गंजवतो; त्यांना कुठून फास्टॅग चिकटवणार? म्हणून अभियंते म्हणतात, नुसत्या मोटारींसाठी पूल बांधला असता तर जो खर्च आला असता तो सगळ्यांत वाटा, आणि वरचा जाड सळयांचा खर्च जडवाल्यांकडून घ्या. पटण्याजोगं आहे. फक्त एक गोम आहे : त्या जडवाल्याच्या पाठीवर सोयाबीन आपलं, मीठ आपलं आणि घराचं सिमेंटही आपलंच. त्याच्याकडून घेतलेला पैसा वाण्याच्या बिलातून आपल्याच खिशावर येतो.

मला राग आहे तो रेतीच्या टिप्परचा. जाताना काठोकाठ भरलेला, येताना रिकामा. आणि टोल दोन्ही वेळा तेवढाच, कारण नाक्यावर दर ठरतो तो आस मोजून. वर्गणी वजनकाट्यावर घ्या, म्हणजे निम्मी भांडणं मिटतील. उरलेल्या निम्म्यांसाठी आम्ही मोटारवाले आहोतच.