बाळाच्या व्यसनांबाबत खुलासा

माननीय क्लेम-तपासनीस साहेब,



आपली ताजी क्वेरी मिळाली. माझ्या अकरा महिन्यांच्या पेशंटला मद्यपानाची सवय आहे काय, असल्यास कधीपासून, असे आपण विचारले आहे. कॅशलेस विम्याच्या छापील अर्जात तो रकाना आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. बाळ पिते, रात्री तर फारच. पण अजून आईच्या दुधापुढे गेलेले नाही. मधुमेह आणि रक्तदाबाचेही तसेच स्वच्छ 'नाही' कळवतो.

मागे एका नवजात बाळाच्या काविळीच्या कागदांवर आपण पेशंटची सही मागितली होती. पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या आधारासाठी सरकारही बोटांचे ठसे घेत नाही. मी पायाचा ठसा पाठवला. तो अद्याप 'विचाराधीन' आहे.

आता रोगांच्या कोडविषयी. जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी गोंदियाला बसूनच केली असावी, असा मला संशय आहे. मळणीच्या दिवसांत पोराच्या कानात धान गेले तर टी १६, नाकात गेले तर टी १७.१. तान्ह्याच्या अति रडण्यालासुद्धा आर ६८.१ आहे. आजी म्हणते दृष्ट, आई म्हणते दात. कोड दोघींना एकच. सिकलसेल म्हणजे डी ५७. पण त्या पोराच्या बापाला बसवून, धाकट्या भावंडांचेही रक्त का तपासायचे, हे समजावण्यात ओपीडी खोळंबते, तो वेळ कुठल्या रकान्यात भरू?

खरी पंचाईत ए ०९ची, म्हणजे जुलाबांची. पावसाळ्यात बालाघाटकडूनही माणसे येतात आणि दारातूनच म्हणतात, "साहेब, बाटली लावून द्या." पोर टकाटका बघत असते, जीभ ओली असते. मी ओआरएसचे पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवायला लावतो, चमच्या-चमच्याने पाजायला सांगतो आणि माय-लेकरांना बाकावर बसवून ठेवतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण चारेक टक्क्यांवर आणले होते. आपण तेव्हा खुर्चीवर असता, तर त्यांनाही विचारले असते : पेशंट २४ तास दाखल का नाही?

कारण दाखल केले, हात टोचला, रात्रभर खाट अडवली, की सगळे मंजूर. आता तर नियमाने अर्ज तासाभरात आणि डिस्चार्ज तीन तासांत निकाली काढायचा. टोचले नाही, तर बिल तपासणीच्या फीपुरतेच. तेही एकदाच, तीन दिवसांत 'फक्त दाखवायला' आले तर फुकट, आणि सोबतच्या भावाला 'आलोच आहोत तर बघून घ्या' तेही फुकट.

म्हणून नम्र सूचना : 'सलाईन न लावणे' असा एक कोड काढावा. उपकोड तीन : आजी हजर असताना, आजी गैरहजर असताना, आणि गावातल्या कंपाउंडरने आधीच एक बाटली चढवलेली असताना. पहिल्याचा दर दुप्पट असावा.

परवाच्या ए ०९ने बाकावर दोन तास चमचे गिळून शेवटी माझ्या टेबलाखाली भरपूर लघवी केली. इतका समाधानकारक रिपोर्ट कुठल्या लॅबने दिला नव्हता. पुसण्याआधी फोटो काढून ठेवला आहे. मागणी आल्यास तीन प्रतींत, साक्षांकित करून पाठवीन.

आपला कृपाभिलाषी,
एक बालरोगतज्ज्ञ, गोंदिया