‘कोण आहे?’ : जोडणी आणि वापर

घरच्या दारासाठी साधा इंटरकॉम बनवायला एलएम ३८६ ही आठ पायांची चिप, ८ ओहमचे दोन छोटे स्पीकर, एक दाबकळ आणि घरातल्या मंडळींची चार दिवसांची गैरहजेरी एवढे साहित्य लागते. पहिल्या तीन वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. चौथी मे महिन्यात मिळते. इंटरकॉम बाजारात तयार मिळतो, हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्यासमोर तो विषय काढू नये.

चिपची खाच वर धरली की डावीकडचा सर्वांत वरचा पाय पहिला. तिथून खाली मोजत जावे आणि उजवीकडून वर यावे. चौथा आणि दुसरा पाय ऋण तारेला, सहाव्याला ९ व्होल्ट. आवाज तिसऱ्यातून आत जातो आणि पाचव्यातून २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमार्गे स्पीकरकडे. पहिला आणि आठवा पाय मोकळे ठेवले तर आवाज २० पट होतो. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला की २०० पट. कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी ऋण बाजू दाखवते. तो उलटा लागला तर फुगतो, प्रसंगी फुटतो आणि स्वयंपाकघरातून ‘काय झालं?’ असा प्रश्न येतो. त्याचे प्रमाणित उत्तर ‘काही नाही’ हे आहे. पाचव्या पायापासून ऋण तारेपर्यंत १० ओहमचा रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडावा. हे नाही लावले तरी चालते, असे सांगणारे दुकानदार भेटतात. त्यांच्या घरी इंटरकॉम नसतो.

बाहेरच्या खोक्यात वेगळा माइक नसतो. स्पीकरचा पडदा आवाजाने हलला की त्याच्या कॉइलमध्ये किंचित वीज तयार होते, म्हणून तोच माइकचे काम करतो. ही वीज जेमतेम काही मिलिव्होल्ट असल्यामुळे चिपच्या आधी जुन्या ट्रान्झिस्टरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडतात. असा ट्रान्झिस्टर माळ्यावर असतोच. तो वडिलांचा असेल तर उघडू नये. बंद पडलेला असला तरी. नवा ट्रान्सफॉर्मर काही फार महाग नसतो.

दाबकळ डीपीडीटी प्रकारची आणि हात काढताच परत येणारी घ्यावी. ती दोन्ही स्पीकरांच्या जागा बदलते : दाबली की आतला बोलतो, सोडली की बाहेरचा. एका वेळी एकानेच बोलायचे ही व्यवस्था विजेच्या दृष्टीने निर्दोष आहे. ती मराठी घरात बसवायची आहे, अडचण एवढीच. आई कळ दाबून ‘कोण आहे?’ विचारते आणि उत्तर येईपर्यंत दाबूनच धरते. उत्तर अर्थातच येत नाही. ती आणखी मोठ्याने विचारते. बाहेरचा माणूस तोवर नाव, गाव, काम सगळे सांगून मोकळा झालेला असतो. कळ सुटते तेव्हा त्यातले शेवटचे तेवढे आत पोचते : ‘अहो, मी!’ यावर कोणत्याही सर्किटचा इलाज चालत नाही. २० पट केले तरी मी, २०० पट केले तरी मीच.

चिप नुसती बसून असली तरी सुमारे ४ मिलिअँपिअर खाते, त्यामुळे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आठवडाही काढत नाही. ती संपल्यावर मल्टिमीटरमधली काढून लावतात आणि मग इंटरकॉम का चालत नाही हे तपासायला मल्टिमीटर चालत नाही. ॲडॉप्टर बरा, घूं असा आवाज आला तर त्याच्या दोन तारांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकावा. तरीही घूं राहिली तर स्पीकरची वायर २३० व्होल्टच्या पट्टीतून नेलेली असते. ती तिथून काढावी. दिसायला वाईट दिसेल, असे घरचे म्हणतील, आणि ते खरे आहे.

इंटरकॉम चालू ठेवून दार उघडले की आतल्या स्पीकरचा आवाज बाहेरच्यात शिरतो, पुन्हा वाढून आत येतो आणि कर्कश शिट्टी वाजते. ती पाहुण्याच्या स्वागतासाठी आहे असा खुलासा करणारे यजमानही आहेत. आवाजाचा १० किलोओहमचा नॉब थोडा मागे फिरवणे अधिक सोपे.

कळ मोकळी असताना हे यंत्र बाहेरचे ऐकत असते, आणि त्याचा खरा उपयोग पाहुणे निघाल्यावर कळतो. मराठी माणूस निरोप घेतल्यानंतर दारात चपला शोधता शोधता मनातले बोलतो. पोह्यांचा कार्यक्रम आटोपून मुलाकडची मंडळी बाहेर पडलेली असली की स्पीकरभोवती सगळे घर गोळा होते आणि कोणालाही गप्प बसवावे लागत नाही. ‘मुलगी छान आहे हो, पण…’ इथपर्यंत स्पष्ट येते. पुढचे लिफ्टच्या दाराच्या आवाजात जाते. अशा वेळी इंटरकॉम बंद करता यावा म्हणून धन तारेत एक स्विच घालणे सभ्यपणाचे आहे. तो घातलेला असतो. त्याला कोणी हात लावत नाही.